थंड व्हायला ठेवलेला कागद

प्रिय ताई,

स्वेटर पोचला. बाह्या दोन बोटं लांब आहेत. पंचेचाळिशी उलटली तरी मी अजून वाढेन असं तुला वाटतं की काय, कोण जाणे. रंग छान आहे. घालून पाहिला आणि काढून ठेवला. सोबतची चिठ्ठी दोनदा वाचली आणि लिहायला बसले, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तुझी नोकरी गेली त्याला तीन आठवडे झाले. त्याआधी मी आमच्या कंपनीचं नवं छपाईचं यंत्र तपासायला तुमच्या ऑफिसात आले होते, त्या तीन दिवसांत काय काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं आज सांगते. बसून वाच, आणि भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

तुझी ती छपाईची खोली मी कॉलेजात असल्यापासून ओळखते. चार मजल्यांची माणसं तुझ्या खिडकीशी येऊन उभी राहायची. तू कागद मोजायचीस, कडा टेबलावर आपटून सारख्या करायचीस आणि वरच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घालून द्यायचीस. आणि तो खालचा खण! कुणी रागाच्या भरात राजीनामा छापायला पाठवला, कुणी वरिष्ठाविरुद्ध चार पानी तक्रार, की तू म्हणायचीस, "मशीन तापलंय, उद्या या." तापलेलं मशीन नसायचं, माणूस असायचा. कागद खणात जायचा. मी विचारलं की म्हणायचीस, "थंड होऊ दे." दुसऱ्या दिवशी निम्मे लोक फिरकायचेच नाहीत, आणि जे यायचे ते "फाडून टाका बाई" म्हणायला यायचे. अख्खं ऑफिस त्या खणाचं कौतुक करायचं. कुणाचा कागद कधी द्यायचा आणि कुणाचा नाही, हे तू परस्पर ठरवायचीस आणि लोक वर तुझे आभार मानायचे. मीसुद्धा मानायचे.

म्हणून पहिल्या दिवशी मी तुला आमचं सॉफ्टवेअर दाखवलं तेव्हा तू हसलीस. मी समजावून सांगत होते की कुठल्याही टेबलावरून छापायला पाठवलं तरी पान लगेच बाहेर पडत नाही. ते रांगेत थांबतं, आणि पाठवणारा स्वतः यंत्रापाशी येऊन आपलं कार्ड टेकवील तेव्हाच छापलं जातं. कुणी काय छापलं, किती छापलं, सगळ्याची नोंद राहते. तू म्हणालीस, "हा तर माझाच खण, नुसता पत्र्याचा केलाय." मग मी सांगितलं, की चोवीस तासांत कुणी आलं नाही तर कागद आपोआप पुसला जातो. ते तुला आवडलं नाही. "आणि माणूस आजारी पडला तर?" असं तू विचारलंस. तुझ्या खणाला कसली मुदतच नव्हती, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी यंत्र अडलं. मिनिटाला शंभर पानं छापणारं धूड, मोठे साहेब समोर खुर्ची टाकून बसलेले, आणि चारशेव्या पानाला कागद आत चुरगळून बसला. एकदा नाही, तीनदा. माझ्याबरोबरची दोन पोरं, वयाने माझ्या निम्मी आणि हुद्द्याने माझ्यावर, स्क्रीनवरच्या सूचना वाचत बसली. तू खिडकीतून पाहत होतीस. शेवटी राहवेना, आत आलीस. गठ्ठ्याच्या वेष्टनावरचा बाण कुठल्या बाजूला आहे ते पाहिलंस, कागद उलटा घातलाय म्हणालीस. हातात घेऊन दोन्ही टोकांनी फडफडवलास, त्यात वारा भरलास, वरचं आणि खालचं पान काढून टाकलंस. उरलेले गठ्ठे गोदामातून आणून खोलीतच ठेवायला लावलेस, "खोलीची हवा लागू दे त्यांना, मग घाला." दुसऱ्या दिवशी एक पान अडलं नाही. जे यंत्र तुझी खुर्ची घ्यायला आलं होतं ते तू आपल्या हातांनी चालतं करून दिलंस, का, तर धाकटीची फजिती नको. एवढा जीव लावायचीस तू मला. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं, पण लिहिणार आहे.

आमच्या तपासणीच्या अहवालात शेवटचा एक रकाना असतो: यंत्रासाठी कायम माणूस लागेल का, आणि लागल्यास कोण. साहेबांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं की तुम्ही लिहाल तसं करू. पहिल्याच दिवशी मी तुझं नाव लिहून टाकलं. कागदाची अशी जाण असलेला माणूस नसेल तर यंत्र आठवड्यातून चारदा बंद पडेल, असं लिहिलं, आणि ते खरंही होतं. पेन्शनला तुला चार वर्षं राहिली होती, भाऊजींची पाठ कायमची धरलेली, हे काय मला माहीत नव्हतं? त्या संध्याकाळी तुझ्या घरी जेवताना तू भाऊजींना म्हणालीस, "धाकटी आहे तिथे, मला कसली काळजी." मी मान खाली घालून जेवले, पण मनातून फुलले होते. आयुष्यात पहिल्यांदा तुझं काहीतरी माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी खोलीतल्या सामानाची यादी करायची होती. तू जेवायला गेलीस आणि जाताना खणाची किल्ली मला दिलीस. आपण होऊन दिलीस, ताई, हे मी विसरलेली नाही. खणात जुने राजीनामे निघाले, तक्रारी निघाल्या, एक अर्धवट प्रेमपत्र निघालं. तळाशी फॅक्सचा गुळगुळीत कागद होता. तसल्या कागदावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात, तुला माहीतच आहे. अक्षरं जवळजवळ गेलीच होती. पण कोपऱ्यात तुझी पेन्सिल होती, आणि पेन्सिल काही उडत नाही. तारीख, तेरा वर्षांपूर्वीची. खाली "धाकटी". आणि त्याखाली: "आई बरी झाली की देणे."

मी खोलीचं दार लावून घेतलं. कागद ट्यूबलाइटसमोर धरला. तसा धरला की थोडं थोडं दिसतं. माझं नाव दिसलं. मुलाखतीला गेले होते त्या परगावच्या कंपनीचं नाव दिसलं. "निवड झाली आहे" दिसलं, आणि "दहा दिवसांत कळवावे". आपल्या घरी फॅक्स नव्हता म्हणून मी तुझ्या ऑफिसचा नंबर दिला होता. महिनाभर मी रोज तुला विचारत होते, आठवतं? "काही आलं का गं?" आणि तू रोज मान हलवायचीस. शेवटी म्हणालीस, "नशीब, दुसरं काय. आणि तू गेलीस तर आईकडे कोण बघणार?" मी ते दोन्ही मुकाट्याने मानलं. सहा वर्षं आईचं अंथरूण बदललं, तिला कुशीवर वळवलं, भरवलं. तू रविवारी यायचीस, फळं आणायचीस, आणि आई सगळ्यांना सांगायची की थोरलीचं माझ्यावर फार लक्ष. मी हसून घ्यायचे. मला वाटायचं, मला तरी दुसरं कोण विचारतंय? एका मुलाखतीत नापास झालेली बाई मी. तेच मनात घेऊन वावरले, ताई, तेरा वर्षं. दुसरीकडे अर्जसुद्धा केला नाही. आई गेल्यावर एकेचाळिसाव्या वर्षी, पोराटोरांच्या रांगेत बसून कॉम्प्युटर शिकले तेव्हा कुठे ही नोकरी मिळाली.

आई बरी होणार नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात तुला बाहेर नेऊन सांगितलं होतं. मलाही ते तूच सांगितलंस. म्हणजे "बरी झाली की देणे" याचा अर्थ तुला लिहितानाच माहीत होता. आणि बरं, आई गेली, त्यानंतर? तेव्हा तरी? विसरलीस म्हणू नकोस. कुठल्या मजल्यावरच्या कुणाची दोन पानं तीन वर्षांपूर्वी न्यायची राहिली ते तुला पाठ असायचं.

मला राग आला. भांडावं, ओरडावं असं काही वाटलं नाही. थंड, सपाट राग. तू जेवून आलीस, माझ्यापुढे डबा ठेवलास, "तोंड का उतरलंय" विचारलंस. मी म्हटलं, डोकं दुखतंय. संध्याकाळभर मी एकटीच तो कागद दिव्यापुढे धरून बसले होते.

तिसऱ्या दिवशी हजार पानांची शेवटची चाचणी होती. तू गठ्ठे फडफडवून दिलेस आणि यंत्र एकदाही न थांबता दहा मिनिटांत मोकळं झालं. साहेबांनी टाळी वाजवली, तूही वाजवलीस. मग मी अहवाल बदलला. तू जे जे करत होतीस ते चार ओळींत लिहिलं: बाण वर, गठ्ठा फडफडवणे, वरचं-खालचं पान काढणे, कागद एक दिवस खोलीत ठेवणे. त्या चार ओळी छापून झाकणावर चिकटवल्या. आणि रकान्यात लिहिलं, "सूचना पाळल्यास कुणीही चालवू शकेल. कायम माणसाची गरज नाही." तुझ्या सव्वीस वर्षांच्या चार ओळी झाल्या. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ना, त्यातला प्रकार. अहवाल छापायला पाठवला, पण कार्ड टेकवलं नाही. तुझीच रीत. रात्रभर रांगेत राहू दिला. सकाळी यंत्रापाशी गेले, माझ्या नावापुढे एक कागद थांबलेला होता. पाच मिनिटं तिथे उभी राहिले. तू खिडकीतून हात केलास. मी कार्ड टेकवलं.

नंतर साहेबांच्या खोलीतून मी बाहेर आले तेव्हा माझे डोळे लाल होते. त्यावरून तू काय समजायचं ते समजलीस. मामीचा फोन आला, चुलतबहिणीचा आला, दोघी तेच म्हणाल्या, "तुझी ताई सांगते, धाकटी साहेबांशी भांडली माझ्यासाठी, पण त्यांनी ऐकलं नाही." आणि आता हा स्वेटर, आणि त्यात तुझी चिठ्ठी: "माझ्यासाठी एवढं केलंस, आईनंतर मला तूच." ताई, मी भांडले नाही. डोळे लाल होते ते आदल्या रात्री पुन्हा ती उडालेली अक्षरं वाचत बसल्याने. तुझी नोकरी यंत्राने घेतली नाही, साहेबांनी घेतली नाही, मी घेतली. बाकी सगळं मी पचवलं असतं, पण तुझे आभार मला पचत नाहीत, म्हणून हे पत्र. इथवर लिहून काल झालं. पाकिटात घालून चिकटवलं नाही, टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं, एक दिवस. आज काढून पुन्हा वाचलं. थंड झालेलं नाही. स्वेटर परत पाठवते आहे, त्याच्या घडीत तो फॅक्सचा कागद ठेवला आहे. दिव्यापुढे धरायची तसदी घेऊ नकोस. आता त्यावर तुझं अक्षर तेवढं वाचता येतं.

तुझीच,
धाकटी