प्रागचे डॉक्टर आणि केतकीची आमटी

रविवार, तोयोसु (जपान)

“बायांनो, आपल्या थकव्याला घरात आळस म्हणतात!” आज इथल्या मराठी मंडळात मी भाषणाची सुरुवातच अशी केली. मग प्रागच्या एका जुन्या हार्मोनतज्ज्ञाची गोष्ट सांगितली. हार्मोनचा वेगळा डॉक्टर असतो हेच लोकांना नवीन होतं, तेव्हा तो डोंगरातल्या गावांत जाऊन थायरॉइडसाठी बायकांचे गळे तपासायचा. मिठात आयोडीन हवंच म्हणून आयुष्यभर भांडला. माझा कोण तो? कोणी नाही. तरी सांगताना ऊर भरून येतो.

टाळ्या थांबल्यावर केतकी उठली. ऑफिसातून आल्यावर ती आडवी होते, म्हणून सासूबाई व्हिडिओ कॉलवर तिला ‘महाराणी’ म्हणतात.

“ताई, तुमच्या डॉक्टरांच्या त्या गावांत आयोडीन कमी होतं. इथे मी शाकाहारी, सूपमध्ये माशाचं पाणी नको म्हणून कोम्बू उकळते, आता आमटीतसुद्धा. आयोडीनने भरलेलं समुद्री शेवाळच ते, रोज पोटात. जास्त झालं तर?”

जास्त झालं तरी थायरॉइड बिघडून असा थकवा येऊ शकतो. माझ्या भाषणात हे का नव्हतं? आणि हिला म्हणे आळशी! प्रागच्या डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली असती. मला तर आज त्यांच्याहून तिचाच अभिमान वाटला.

पण ती दवाखान्यात एकटी जायला घाबरते. जपानीत बोलायचं म्हणून.

म्हणून स्वतःलाच बजावते: उद्या केतकीसोबत जा आणि तिचं रक्त तपासून घे. तिथे भाषण नको, तिलाच बोलू दे, तू फक्त ते जपानीत सांग.