अंगणातली होडी

अण्णा,

सुधींद्रची चौकशी करायला विद्याबरोबर पुन्हा लष्कराच्या कचेरीत जाते आहे. चीनची लढाई संपून वर्ष झालं, तरी ते ‘बेपत्ता’च्या पुढे काही सांगत नाहीत. आजही तेच ऐकून येऊ. पण तुमची सून आहे ती, एकटी कशी पाठवू? तुम्ही तर येत नाही. भातावरचं सारू स्वल्प गरम करून घ्या आणि वेळेवर जेवा.

आता सुधींद्रच्या होडीचं. काल तुम्ही देवळात गेलात तेव्हा होडीत मुंग्या दिसल्या, म्हणून मी घागरभर पाणी आत ओतलं. सगळं खालून गळून गेलं. दर रविवारी धुऊन, पुसून, मेण चोळून तुम्ही तिला आरशासारखी ठेवलीत, पण फळ्या आकसून फटी पडल्या आहेत. जाताना सुधींद्र बजावून गेला होता, ‘येलहंक्याच्या तळ्यातच राहू दे, लाकूड भिजलेलं बरं.’ तुम्हीच ती बैलगाडीत घालून घरी आणलीत. तो मासे धरायला परत जाईल तेव्हा नवी दिसायला हवी, म्हणे.

दिसते आहे हो नवी. तरंगायची नाही आता. हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

मेण संपलं होतं. नवा डबा कोनाड्यात ठेवलाय. लावा. नाही तर आज दिवसभर तुम्ही करणार तरी काय, अण्णा?

तुमची लेक,
वसुमती