कीपरची आई

मंगळवार, ८ जुलै
रुचिरा प्रॅक्टिसहून आली ती सरळ खोलीत. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणे. दोन तास गोलमध्ये उड्या मारून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला भूक नाही? आत गेले. सहाच वाजले होते, तरी पडदा ओढलेला.
"काय झालं?"
"नथिंग. बॉल लागला."
"कुठे?"
तिने कानाच्या वर बोट ठेवलं. "आय एम फाइन लाह, आई. डोन्ट स्टार्ट."
नोव्हेनाच्या हॉस्पिटलात दिवसभर लोकांच्या डोक्यांचे सीटी स्कॅन काढते मी. आणि घरी 'डोन्ट स्टार्ट'.

गुरुवार, १० जुलै
दोन दिवस बारीक लक्ष आहे. आज पोटभर जेवली, हसली, मिलिंदशी बाबा-बाबा करून भांडली. पण मोबाइलचा उजेड अगदी कमी करून ठेवलाय. विचारलं तर "बॅटरी." चार्जिंगला लावलेला होता.
कोचना सांगितलंस का? "सांगितलं." मान वर न करता.
मिलिंद म्हणतो, तुला सगळीकडे पेशंट दिसतात. आंग मो किओच्या त्याच्या फॅक्टरीत मशीन बिघडलं की लाल दिवा लागतो, त्याला वाटतं माणसांचंही तसंच असतं.

शुक्रवार, ११ जुलै
उद्या सेमीफायनल, समोरच्यांच्या मैदानावर. पॉलिटेक्निकची मुलींची टीम पहिल्यांदाच इथवर आलीय. मी आजवर तिची एकही मॅच पाहिली नाही. कधी ड्यूटी, कधी तिचंच "नको."
"उद्या येऊ का?"
"नो! दुसऱ्यांचं ग्राउंड आहे, तिथे कुणाची आई येत नाही. प्लीज."
बरं, नाही येत म्हटलं.
मग बाल्कनीत जाऊन कामावरच्या लिलीला फोन केला आणि शनिवारची शिफ्ट बदलून घेतली. आपण खोटं बोललो, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

शनिवार, १२ जुलै
आमच्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या बाहेर बसून लिहितेय. मिलिंद यायचाय. क्रमाने लिहून ठेवते, डॉक्टर पुन्हा विचारतील.

साडेतीनला पोचले. एमआरटीची मेट्रो, मग बस, मग उन्हात दहा मिनिटं चालणं. दारावरच्या मुलीने काही न विचारता डावीकडे बसवलं. बसल्यावर पाहिलं तर सगळीकडे नारिंगी टीशर्ट, ढोल, भोंगे. आमचे मरून रंगाच्या कपड्यांतले समोर, झाडाखाली, जेमतेम दहा जण. उठून मैदान ओलांडायची हिंमत झाली नाही. रुचिराने पाहिलं असतं.

ती गोलमध्ये. इतक्या लांबून बारीक दिसत होती. तिने किक मारायला बॉल ठेवला की मी बसले होते त्या बाजूची सगळी पोरं एका सुरात "कीपर, कीपर, स्लीपर" ओरडायची. मी पर्स घट्ट धरून बसले.

शेजारी माझ्याच वयाची एक चिनी बाई. तिची मुलगी नारिंगी सात नंबर. मला वाटलं, आता ही विचारणार. विचारलंच. "विच वन युअर डॉटर?"
खोटं बोलता आलं असतं. "द कीपर," म्हटलं.
तिने एकदा माझ्या मरून कुर्त्याकडे पाहिलं. मग आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला नीट बसायला जागा केली, आणि मागे वळून पोरांना काहीतरी म्हणाली. ती थांबली नाहीत. पण निदान आमच्या रांगेतला ढोल थांबला.

आमचा एक गोल झाला, मग त्यांचा एक. त्यानंतर सात नंबर बॉल घेऊन थेट आत घुसली आणि रुचिरा तिच्या पायांत झेपावली. दोघी पडल्या. रेफ्री धावत आली, वाकून काही विचारलं. रुचिराने अंगठा दाखवला, उठली. टाळ्या. मीही वाजवल्या. मीही!
ती बाई मात्र वाजवत नव्हती. "युअर गर्ल," ती हळूच म्हणाली, "शी कीप क्लोझिंग हर आइज."
मग मलाही दिसलं. बॉल लांब असला की रुचिरा गोलच्या खांबाला हात लावून डोळे मिटायची.

तेवढ्यात वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. मैदान रिकामं करा. पाऊस नव्हता, फक्त पश्चिमेला काळं झालेलं. दोन्ही टीम इमारतीच्या व्हरांड्यात. मी गर्दीतून वाट काढत गेले.
"आई? तू कधी आलीस?" चेहरा लालबुंद. "यू सेड यू वोन्ट कम!"
म्हटलं, सुरुवातीपासून आहे. डोकं दुखतंय का? "नो." पाणी पी. प्यायली. मैत्रिणीशी काही बोलली. बुटाची नाडी बांधायला वाकली, बांधलीच नाही, तशीच थांबली. मग मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.
"आई? तू कधी आलीस?"
तोच आवाज, तोच राग.

स्कॅनच्या टेबलावर असं दोनदा विचारणारे कितीतरी पाहिलेत मी. त्यांना हसून पुन्हा उत्तर देते. आज सरळ कोचकडे वळले.

कोच फरीदा बॉलची पिशवी बांधत होत्या. म्हटलं, तिला काढा. मंगळवारी डोक्याला लागलंय, आज पुन्हा लागलं.
"ट्यूज्डे? शी नेव्हर टोल्ड मी." त्यांचा चेहरा पडला. रुचिरासमोर बसून त्यांनी तिला स्कोअर विचारला.
"वन-नील," रुचिरा म्हणाली. मग सगळ्यांचे चेहरे पाहून, "टू-नील?"
फरीदांनी तिच्या हातांतले ग्लोव्हज स्वतः काढले. रुचिरा माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही.
"व्हाय डिड यू कम?" एवढंच म्हणाली.

अॅम्ब्युलन्समध्ये दोनदा उलटी.

सहा वाजता: स्कॅन लिलीने काढला. मी दाराच्या बाहेर. इतक्या वर्षांत या दाराची ही बाजू कधी पाहिली नव्हती. आत टेबल सरकल्याचा आवाज आला तेव्हा उभी होते, खाली बसले.

सात: रक्तस्राव नाही. स्कॅन स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून काही झालंच नाही असं नव्हे. हे वाक्य मी स्वतः कितीदा ऐकलंय. फायनल २ ऑगस्टला. "खेळाकडे एक-एक पायरी वर जाऊ, ३१ला पाहू. प्रॉमिस करत नाही."

तिच्या फोनवर मेसेजवर मेसेज. तिला बघायला मनाई, म्हणून मीच सांगितलं: पेनल्टीवर जिंकलात. फर्स्ट इयरच्या कीपरने एक अडवली. रुचिराने भिंतीकडे तोंड केलं.

रविवार, १३ जुलै
बुद्धवंदना घरीच. तिघंच. रुचिरा पडदे लावलेल्या हॉलमध्ये बसून म्हणत होती. पंचशीलातल्या चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज बंद झाला. माझाही अडखळला. मिलिंदने एकट्याने पुरं केलं, त्याच्या लक्षातही आलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात तो म्हणाला, "सगळ्या टीमसमोर करायला नको होतंस. बाजूला घेऊन कोचला सांगायचं. मला तरी फोन करायचा."
"भोंगा थांबला असता तर ती परत गोलमध्ये उभी राहिली असती, मिलिंद."
"तरी."
तरी काय? भांडी मात्र त्याने घासली.

बुधवार, १६ जुलै
चार दिवसांत माझ्याशी बोललेले शब्द: पाणी, हो, नको, दार.
आज दुपारी मात्र फुटली. "मी दोन वर्षं त्या जागेसाठी थांबले. टू इयर्स! आता ती फर्स्ट इयर खेळणार."
"मंगळवारीच सांगितलं असतंस तर कदाचित फायनल तरी खेळली असतीस."
"यू लाइड टू. म्हणालीस येणार नाही."
"हो. खोटं बोलले."
तिला वाटलं असावं मी वाद घालीन. घातला नाही. तिने वरण गरम करायला ठेवलं. दोघींसाठी.

शनिवार, २६ जुलै
ईस्ट कोस्टला सकाळी. डॉक्टरांची तिसरी पायरी: हळू धावणं. मी बाकावर, ती समुद्राच्या कडेने जाऊन परत. दहा मिनिटं. परत आली तेव्हा घामाने चिंब आणि चेहऱ्यावर हसू. कितीतरी दिवसांनी. "नो हेडेक. झीरो."
विश्वास ठेवला. मग घरी येताना बसमध्ये तिने खिडकीकडची जागा सोडून आतली घेतली. उन्हामुळे? सगळेच घेतात. मीही घेते.
आता हे असंच होणार का? तिने डोळे चोळले तरी मी मोजत बसणार?

गुरुवार, ३१ जुलै
क्लिनिकच्या बाहेर. पावणेतीनची वेळ होती, उशीर चालू आहे.
कालपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या झाल्या. कोच फरीदांचा सकाळी मेसेज: डॉक्टर हो म्हणाले तर जागा तिचीच. नाही म्हणाले तर बेंचवर टीमसोबत. रुचिराने तो मला वाचून दाखवला, हेच केवढं.

सकाळी पोहे खाताना तिने एकदा कपाळ दाबलं. अर्धा सेकंद. मिलिंद टीव्हीकडे बघत होता. मी विचारलं नाही. तिने पाहिलं, की मी विचारलं नाही.

आत्ता नर्सने नाव पुकारलं. मी पर्स उचलली.
"मी एकटी जाते," ती म्हणाली.
"बरं."
दोन पावलं गेली, परत आली. "आई, तो विचारेल ना, हेडेक आहे का."
"विचारेल."
"मी नो म्हटलं, अँड तुला वाटलं ते खरं नाही. तर तू परत कोचला सांगशील?"
वाटलं, आज तरी नाही म्हणावं.
"हो," म्हटलं. "सांगेन."
माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता. काय होतं ते कळलं नाही. मग केस कानामागे घेतले, आत गेली, दार लावून घेतलं.

वीस मिनिटं झाली. आतून आवाज तिचाच येतोय, डॉक्टरांचा नाही. बरंच काही सांगतेय. शब्द कळत नाहीत.