काच क्रमांक तीन

२० जुलै

ती. बाबांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

काल सुखरूप पोचले. बस चाळीस मिनिटं उशिरा आली. आत्याने दिलेला डबा वाटेतच संपला, तिला सांगा.

निघताना बोलणं घाईत झालं, म्हणून पुन्हा नीट लिहिते. चर्चच्या पश्चिमेकडच्या भिंतीत, तिसऱ्या बाकाच्या वर जी भेग आहे, तिच्यावर मी चार काचपट्ट्या आडव्या बसवल्या आहेत. प्रत्येकीची दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीत पक्की आहेत. प्रत्येकीवर क्रमांक आणि तारीख आहे. काच ताण सहन करत नाही, भेग केसभर रुंदावली तरी तडकते. दोन महिने चारही पट्ट्या शाबूत राहिल्या तर भेग जुनी आहे, बुजवून टाकता येईल. एक जरी तडकली तर भिंत हलते आहे, आणि चर्च त्याच दिवशी बंद करावं लागेल. किती दिवसांसाठी, ते मी सांगू शकत नाही. भिंत उतरवावीही लागेल. कमिटीपुढे मी हेच सांगितलं आणि पाळकसाहेबांनी ते लिहून घेतलं.

आईची बसायची जागा नेमकी त्या भेगेखाली येते हे मला दिसलं नाही असं समजू नका. तुम्ही रोज संध्याकाळी पाचला तिथे जाऊन बसता हेही माहीत आहे. तरी वाचनाचं काम, म्हणजे काचा पाहून नोंद कळवायचं, तुमच्याकडेच दिलं, कारण चर्चची देखभाल तुमच्याकडे आहे आणि सुताराच्या नजरेतून फट सुटत नाही.

दर रविवारी उपासना संपली की चारही काचा पाहायच्या आणि पत्राने कळवायचं. फोनवर सांगितलेलं मी नोंदीत धरत नाही. फोनवर तुम्ही सगळ्यालाच बरं आहे म्हणता. मी दहा पट्ट्या आणल्या होत्या. उरलेल्या सहा पाळकसाहेबांच्या खोलीतल्या कपाटात, डब्यात आहेत. त्या पुढच्या कामासाठी आहेत. त्यांना हात लावू नका.

माझं ठीक. काम जोरात आहे.

लोभ आहे तो तसाच राहू द्या.
तुमची,
मोजपट्टी

३ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे वाचन देतो. काच एक, शाबूत. काच दोन, शाबूत. तीन, शाबूत. चार, शाबूत. तुझा बाप, वय त्रेसष्ट, डावा गुडघा वगळता शाबूत.

शेजारचे मास्तर विचारत होते, पोरगी सध्या काय करते. म्हटलं, लहानपणी पावाचे दोन तुकडे केले की पट्टी लावून बघायची, बापाचा मोठा की आपला. आता तीच पट्टी दुसऱ्यांच्या भिंतींना लावते आणि लोक तिला त्याचा पगार देतात.

पाचला जाऊन बसतो. पहिली दहा मिनिटं जीव नुसता भिरभिरतो. गुडघा, उद्याचं काम, तुझी काळजी. मग पाण्यातला गाळ बसावा तसं सगळं हळूहळू खाली बसतं, आणि प्रभूशी दोन शब्द बोलता येतात. तुझ्या आईच्या शेजारी बसून पस्तीस वर्षं प्रार्थना केली. ती गेल्यापासूनच्या अकरा महिन्यांत मला तेवढीच एक जागा सापडली आहे जिथे छातीतली धडधड थांबते. तू हल्ली प्रार्थना करतेस का, हे विचारत नाही. विचारलं की तू मला हवामान सांगतेस.

बाहेर रस्त्यावर पाण्याच्या पाइपासाठी खणायला सुरुवात झाली आहे. धूळ फार येते. जेवणाकडे लक्ष दे.

तुझा,
बाबा

७ ऑगस्ट

ती. बाबांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

चर भिंतीपासून किती फुटांवर आहे? खोली किती? आधाराला फळ्या ठोकल्या आहेत की माती नुसती उभी कापली आहे? टेपने मोजा, पावलांनी नको. खणकाम चालू असेपर्यंत काचा रविवारीच नाही, रोज पाहा.

इथे हवा ढगाळ आहे. काम जोरात.

उत्तर लवकर द्यावं, लोभ आहेच.
तुमची,
मोजपट्टी

१७ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

चर भिंतीपासून बारा फुटांवर आहे. खोली माणूस छातीपर्यंत आत जाईल इतकी. फळ्या नाहीत.

चारही काचा शाबूत.

बाकांना व्हार्निश लावायला काढलं आहे. तिसरा आणि चौथा आधी घेतला.

बाकी ठीक.
बाबा

३१ ऑगस्ट

चि. भाचीस,
तुझ्या आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा बाप सुतार आहे की रंगारी, हे मला या वयात कळेनासं झालं आहे. तिसरा आणि चौथा बाक दर शनिवारी व्हार्निश करतो. त्यामुळे दर रविवारी ते दोन्ही ओले. आज मी न बघता टेकले. उठताना असा आवाज झाला की पाळकसाहेब प्रवचन करता करता थांबले. चांगले कपडे गेले ते गेलेच. विचारलं तर म्हणतो, लाकूड पितंय. चाळीस वर्षांचं लाकूड इतकं तहानलेलं मी तरी पाहिलं नाही.

स्वतः मागे दाराजवळ बसतो आणि गुडघ्याचं कारण सांगतो. गाणी म्हणत नाही, नुसते ओठ हलवतो. संध्याकाळी पाचला जायचा आणि सहाला यायचा तो सव्वापाचला घरात. काय झालं म्हटलं तर माझ्यावरच डाफरला. भावाचा असा आवाज मी तुझी आई आजारी असतानाही ऐकला नव्हता. तू जरा विचार, तुझं ऐकतो.

एक गोष्ट तुला न विचारता केली. पुढच्या मेजावरची फुलदाणी डुगडुगत होती म्हणून तुझ्या डब्यातली एक काच तिच्याखाली सरकवली. चार होत्या, आता तीन आहेत. रागावू नकोस.

आणि फोन का उचलत नाहीस? शेवटी तुझ्या ऑफिसात केला. तिथली मुलगी म्हणाली, त्या तर जूनपासून रजेवर आहेत. मी म्हटलं, बाई, तुमची दुसरी कुणीतरी असेल, आमची कामात बुडालेली आहे. तुझ्या बाबालाही हे सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही.

दोघंही सांभाळा. म्हाताऱ्या आत्यावर माया असू दे.
तुझी,
आत्या

३ सप्टेंबर

ती. बाबांना,
सलाम, वि. वि.

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, उद्या मिळेल.

दहा वजा चार सहा. डब्यात सहा ठेवल्या होत्या. आत्याला चार मिळाल्या. तिने फुलदाणीखाली घेतली ती या चारांतली. म्हणजे तिच्याआधी दोन गेल्या.

१० आणि १७ ऑगस्टची पत्रं मी परत काढून वाचली. चार काचा शाबूत आहेत, पण तुमचा स्वतःचा उल्लेख नाही. तोपर्यंतच्या प्रत्येक पत्रात होता. त्यानंतरच्या एकाही पत्रात नाही. आणि व्हार्निश कशासाठी, तेही आता माझ्या लक्षात आलं आहे.

अशी भिंत एका दिवसात पडत नाही, हे मी स्वतःला दहा वेळा सांगून झालं. पण रविवारी तिच्याजवळ दीडशे माणसं बसतात, आणि चराला फळ्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तुमच्या फोनची वाट पाहीन. नाही आला तर पाळकसाहेबांना मी फोन करीन. मला ते करायला लावू नका.

नोंद ठेवणारी म्हणून विचारते आहे, मुलगी म्हणून नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही. फोनवर सांगितलंत तरी या वेळी नोंदीत धरीन.

अक्षर वाकडं आलं आहे. पेन खराब आहे.

मोजपट्टी

३ सप्टेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

१० ऑगस्टला काच तीन तडकलेली होती. मधोमध, करवतीने कापावी इतकी सरळ. मी मनात म्हटलं, प्लास्टर कच्चं राहिलं असेल. डब्यातली नवी काढली, तुझ्यासारखं अक्षर काढलं, तुझीच तारीख घातली आणि बसवून टाकली. हात मुरलेला आहे, कुणालाही कळलं नसतं. २४ तारखेला तीही तडकली. तेव्हा प्लास्टरला दोष देता येईना. तरी तिसरी बसवली.

चर्च बंद होईल, तुझ्या आईची जागा जाईल, मग मी पाचला कुठे जाऊ, एवढंच डोक्यात होतं. मंडळींनी भेगेखाली बसू नये म्हणून बाक ओले ठेवले. लाकूड पितंय असं मी प्रभूच्या घरात उभा राहून सांगत होतो. माणसं एका बाकावरून हलवली, पण छप्पर सगळ्यांच्याच डोक्यावर आहे हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. रविवारी कुणी जोरात दार लावलं तरी माझ्या अंगाला घाम फुटायचा.

आणि ज्या जागेसाठी हे सगळं केलं, तिथे बसवेना. डोळे मिटले की काच दिसायची. प्रभूचं नाव तोंडात यायचं आणि पुढचा शब्द सुचायचा नाही.

काल, मंगळवारी, मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेर खणायचं यंत्र चालू होतं. मी एवढंच म्हणालो की प्रभू, भिंत हलते आहे, मी काच बदलली. मागायला काही सुचलं नाही. कसला आवाज नाही, उजेड नाही. पण अंगावरून कुणी ओझं उतरवून घ्यावं तसं झालं, आणि मी उठून सरळ पाळकसाहेबांच्या घरी गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, मला कामावरून काढा. ते म्हणाले, आधी किल्ली द्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथेच माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि दारावर फळी कुणी ठोकायची असं विचारलं. मीच ठोकली. चर भरून द्यायला उद्या माणसं येणार आहेत.

आज पाचला चर्चच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगाच्या डब्यावर बसलो. तिची जागा नाही, खिडकी नाही. तरी दहा मिनिटांत गाळ खाली बसला. इतके दिवस मला वाटत होतं, शांती त्या बाकावर ठेवलेली आहे आणि मी तिची राखण करतो आहे. भिंत उतरवतील याची भीती अजून आहे. ती भीती शेजारी बसलेली होती आणि तरी प्रार्थना झाली, हे तुला सांगायचं होतं.

आता तुझं. प्रत्येक पत्रात काम जोरात आहे म्हणतेस. आत्याने तुझ्या ऑफिसात फोन केला होता. मी रागावत नाही, मला ते तोंड उरलेलं नाही. तुझ्या डब्यात किती उरल्या, तेवढं खरं कळव.

काच एक, शाबूत. दोन, शाबूत. तीन, दोनदा तडकली, आत्ता भिंतीवर आहे ती खोटी. चार, शाबूत. तुझा बाप, लाजलेला, पण काल रात्री झोपला.

तुझाच,
बाबा

८ सप्टेंबर

ती. बाबांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुमचं पत्र आणि माझं एकाच दिवशी लिहिलं गेलं. तुम्ही माझं पत्र न वाचताच लिहिलंत, हे मी दोन्हीकडच्या तारखा परत परत पाहून ठरवलं. गुरुवारी तुमचा फोन आला तेव्हा तुमचंच नोंदवून घेतलं, माझं राहिलं. आता लिहिते.

जूनमध्ये एका पाण्याच्या टाकीची तपासणी होती. परांचीच्या तिसऱ्या मजल्यावर माझे हात पाइपावरून सुटेनात. दोन मजुरांनी मला खाली आणलं. त्यांतला एक म्हणाला, ताई, असं होतं, लाजू नका. मी त्याचे आभारही मानले नाहीत. तेव्हापासून रजेवर आहे. जुलैत काचा लावल्या त्याही शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून, म्हणून चौथी जरा खाली आहे.

आईच्या आजारात तापाचा तक्ता मी दर दोन तासांनी भरत होते. एकही नोंद चुकली नाही, तरी ती गेली. तेव्हापासून मला वाटतं की कुठेतरी एक नोंद राहिली असणार. बाहेर पडताना गॅसचं बटण अकरा वेळा पाहते. प्रार्थना बंद केली होती, कारण सगळं ठीक आहे असं त्याला सांगता येईना, आणि दुसरं काही सांगायची सवय नव्हती.

काल इथल्या चर्चमध्ये गेले. शेवटच्या बाकावर बसले आणि तुमची पद्धत वापरली. आहे तेवढंच सांगितलं. आई गेली, प्रभू. माझे हात थरथरतात. मला भीती वाटते. मागणं मलाही सुचलं नाही. थरथर थांबली नाही. पण एरवी हात मांडीखाली दाबून बसते, ते काल वर ठेवले. शेजारी एक अनोळखी बाई होत्या. त्यांनी काही न विचारता गाण्यांचं पुस्तक माझ्यासाठी उघडून धरलं, आणि मी दोन कडवी म्हटली. तेवढा वेळ आत अगदी शांत होतं. कालच्या नंतर गॅसचं बटण दोनदा पाहिलं. एका वाचनावरून मी निष्कर्ष काढत नाही, पण वाचन खरं आहे.

शनिवारी मी आणि माझे साहेब भिंतीला टेकू लावायला येतो आहोत. त्यांना सगळं सांगितलं आहे, माझंही आणि तुमचंही. वर ते चढतील, खाली उभी राहून मी आकडे लिहीन. खोटी काच काढू नका, ती मी माझ्या हाताने काढीन. भिंत वाचेल की नाही हे मी आत्ता सांगू शकत नाही. रविवारी शेडमध्ये तुमच्याजवळ बसेन.

हात, थरथरतात. झोप, पाच तास. मुलगी, तडकलेली, जून महिन्यापासून. तारीख बदललेली नाही.

आत्याला माझ्याकडून सांगा की चिडले नाही, ती काच तिलाच. तुमचा लोभ मला हवा आहे, हे आजवर लिहिलं नव्हतं.
तुमची,
मोजपट्टी

ता. क. शेडमध्ये माझ्यासाठी एक रंगाचा डबा ठेवा. त्याला व्हार्निश लावू नका.