घारीचा उपास

२५ जाने. २००३, शनि.
घारीचे टाके काढले. मांज्याने पंख कापला होता. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, महिन्या-दीड महिन्यात उडेल. पण माणसाला सोकावली तर वनखातं सोडू देणार नाही, जन्मभर पिंजरा. माझ्या फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? वटारला कमळाकाकूंच्या वाडीत ठेवलीय. काकूंना तीनतीनदा बजावलं: बोलायचं नाही, भरवायचं नाही, गोणपाटाआडून मांदेली टाकून निघायचं.

४ फेब्रु., मंगळ.
गासच्या शाळेत स्लाइड्स दाखवल्या. घुबड, शिक्रा, आमची घार. काकूंनाही मुद्दाम नेलं होतं. ‘ब्राह्मणी घार’ म्हटल्याबरोबर एक मुलगी म्हणाली, “बाई, मग ती मासे कशी खाते?” वर्ग हसला. मी म्हटलं, नाव आपण दिलंय, तिला विचारून नाही.
इथवर छान. मग आभार मानताना मु.अ.नी ठोकून दिलं, हा साक्षात विष्णूचा गरुड, वटारला आहे, दर्शन घेऊन या. मी गप्प. महिनाभर मागे लागून तास मिळाला होता ना!

९ फेब्रु., रवि.
वाडीत जत्रा. जास्वंदी, नारळ. एकाने उदबत्ती जाळीत खोचली. घार जाळीला धडका देतेय. घसा फोडून सांगते, जखमी पक्षी आहे, लांब राहा. हो हो म्हणतात आणि हात जोडतात. डोकं फिरलं. फाटकाला कुलूप घातलं.

१ मार्च, शनि.
महाशिवरात्र. पिंजऱ्यात साबुदाण्याची खिचडी! वर खोबरं. आज काकूंच्या घरात मासळी येत नाही म्हणे. दोन्ही एकादश्यांनाही घडवला उपास. आणि उपाशी राहिली म्हणून जीव तुटला, तर दुसऱ्या दिवशी हाताने भरवलं.
नको नको ते बोलले. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सर देव म्हनले तवा तू तितंच होतीस ना, बाय? गप बसलीस. मला वाटलं, खरंच असंल.”
कपाळ माझं.

३ मार्च, सोम.
वनखात्याचा माणूस १० तारखेला बघायला येणार. पंख झकास. पण काकूंच्या बांगड्या वाजल्या की घार जाळीशी येते, चोच उघडते. काकूंनीही पाहिलं. म्हणाल्या, मग मीच जाते हितून. पिशवी भरली आणि लेकीकडे डहाणूला गेल्या. लग्न होऊन आल्यापासून वाडी सोडून आठ दिवस कधी राहिल्या नव्हत्या.

६ मार्च, गुरु.
मु.अ.कडे पुन्हा तास मागितला, चूक दुरुस्त करायला. परीक्षा तोंडावर आल्यात म्हणे. दर्शनाला वेळ होता!
सकाळी आडोशाने पाहिलं. काल मी टाकलेली मांदेली तशीच पडलेली. घार काकूंच्या बंद दाराकडे तोंड करून बसलेली. अजून चार दिवस आहेत.