कोपऱ्यातली पीठसाखर

१६ जून २००३, सोमवार

आलो एकदाचे लातूरला! मुखेडहून सकाळची एसटी, टपावर गादी आणि दोन पत्र्याच्या पेट्या, माझ्या मांडीवर स्टो, शिल्पाच्या मांडीवर भौतिकशास्त्र. जळकोटपर्यंत बाईसाहेब वाचत होत्या. पुढे माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपल्या. डॉक्टर होणार आहेत म्हणे!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पोरीच्या बारावीसाठी वर्षभराची रजा टाकून आले आहे. रोजचं टाचण लिहायची सवय हाताला अशी लागली आहे की वर्ग नसला तरी वही उघडली जाते. आता घराचंच टाचण लिहीन, विद्यार्थिनी एकच. तिचे बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत, महिन्यातून एकदोनदा इकडची ड्यूटी लावून घेतील.

खोल्या दोन. ट्यूशनच्या गल्ल्या पायी दहा मिनिटांवर. भूकंपानंतर बांधलेलं घर, वर पत्रे, कारण मालकिणीला डोक्यावर स्लॅब नको होता. गौरम्मा त्यांचं नाव, औसा तालुक्यातल्या, पन्नाशीच्या, एकट्या. अजूनही भिंतींच्या आत झोपत नाहीत, अंगणात शेडखाली अंथरूण टाकतात. त्यांनी शिल्पाचं वय विचारलं. सतरा म्हटल्यावर तिचा हात हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. आमच्या आधी पाचजणी खोली बघून गेल्या होत्या, पण दिली आम्हाला. खाटसुद्धा त्यांनीच आतल्या भिंतीला लावून ठेवली होती. नशीब काढलं म्हणायचं.

२२ जून, रविवार

घडी बसली. शिल्पाची पहिली बॅच पहाटे साडेपाचला, दुसरी अकराला. एकला येते, जेवते आणि दोन ते चार झोपते. तेवढीच तिची झोप. रात्री बारापर्यंत पुस्तक. नळाला पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी मी युद्धावर असते.

घरात मुंग्या आहेत. बारीक, तांबड्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशीला करंगळीएवढं भोक आहे, तिथून निघतात. गंमत म्हणजे गौरम्मामावशी त्यांना पोसतात! रोज दुपारी दीडला पीठसाखरेची वाटी घेऊन येतात, भोकापाशी चिमूट चिमूट ठेवतात आणि जातात. आमच्याकडेही पुण्याचं म्हणून झाडाखाली मुंग्यांना पीठ घालतात, पण स्वयंपाकघरात? मी काही बोलले नाही. नवी भाडेकरीण आहे, आठवडाभर तरी शहाण्यासारखं वागावं.

९ जुलै, बुधवार

शहाणपणा संपला. मुंग्या शिल्पाच्या खाटेपर्यंत पोचल्या. दुपारी उशाशी पाहिलं तर रांगच रांग, आणि उशीवर पिठाचे कण. गादीवर बसून खाऊ नकोस म्हणून मी तिला चांगलं झापलं. खात नाही म्हणाली. मग हे पीठ काय आकाशातून पडलं?

गंजगोलाईच्या बाजारातून मुंग्यांचा खडू आणला, रेघा मारल्या. हळद टाकली, तिखट टाकलं. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्या भिंतीवरून वर गेल्या, मच्छरदाणीच्या दोरीवरून खाली उतरल्या. वर्गात इतकी शिस्त असती तर मला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला असता. मला तीनदा चावल्या. शिल्पाला एकदाही नाही.

२४ जुलै, गुरुवार

चाचणीत शिल्पा बेचाळिसावी आली. मागच्या वेळी अकरावा नंबर होता. झोप होत नाही म्हणते, केसांत, ओठांवर काहीतरी चालत असल्यासारखं वाटतं. जेवणही कमी झालंय. अर्ध्या भाकरीवर उठते. भूक का नाही विचारलं तर म्हणाली, झोपून उठल्यावर तोंड गोड गोड लागतं, मग जेवावंसं वाटत नाही. मी साखरेचा डबा वर ठेवून दिला.

पोरीची गालफडं बसत चालली आहेत. बाबा येऊन गेले. बसमध्ये चढताना एवढंच म्हणाले, सिंधु, मार्क जाऊ दे, पोर सांभाळ.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज मावशींना स्पष्ट विचारलं. त्यांनी मला कोपऱ्यापाशी बसवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांची एकच लेक होती, शिवलीला. सात वर्षांची. भूकंपात घर बसलं तेव्हा मावशी उंबऱ्याशी होत्या, पोर आत. दोन दिवस दगडांखालून तिचा आवाज येत होता. फटीतून हात जाईना, पाणी ओतलं तर मातीत जिरे. मुंग्या मात्र त्या फटीतून आतबाहेर करत होत्या. मावशींनी कुठूनतरी पीठसाखर आणली, फटीशी ठेवली आणि मुंग्यांना हात जोडले. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. दगड निघाले, पोर सापडली नाही. त्यांच्यात पुरतात, पण पुरायला काही हाती लागलं नाही. म्हणून त्यांनी त्या जागेची गोणीभर माती इथे आणली, त्या कोपऱ्यात घातली, वर फरशी बसवताना भोक ठेवायला लावलं. मातीबरोबर मुंग्याही आल्या.

मी म्हटलं, मावशी, त्या माझ्या पोरीच्या अंगावर चढतात हो. तर त्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “चढू द्या की बाई. त्या काय खातेत व्हय? त्या नेतेत.”

भूकंपाच्या त्या पहाटे आमच्या मुखेडलाही भिंती हलल्या होत्या. मी शिल्पाला चादरीसकट उचलून अंगणात धावले होते. तीही सातच वर्षांची होती. आज मावशींसमोर ते सांगायला माझी जीभ उचलली नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

वाईट वागले. मावशी बाजारात गेल्या असताना पांढरं सिमेंट कालवून भोक बुजवलं. त्या आल्या, बघितलं, ओरडल्या नाहीत. खिळा घेऊन बसल्या आणि भोक मोकळं होईपर्यंत दोन तास खरवडत राहिल्या. बोटातून रक्त आलं. एकच म्हणत होत्या, “उपाशी हाय वो ती, उपाशी हाय.”

मी चहा करून दिला. प्यायल्या नाहीत. मला फार रडू आलं. पण शिल्पा आता सत्तराव्या नंबरावर आहे. सत्र मध्यावर आलंय, दुसरी खोली मिळत नाही, सगळीकडे फिरून आले. मी कुणाकुणाची आई होऊ?

७ सप्टेंबर, रविवार

आज गोष्ट ध्यानात आली. या मुंग्या माझं काहीच तोंडात घेत नाहीत. गूळ नाही, बिस्किट नाही, औषध लावलेला रवा नाही. फक्त मावशींच्या वाटीतलं घेतात.

१० सप्टेंबर, बुधवार

शेतीच्या औषधांच्या दुकानातून पांढरी पावडर आणली. वास नाही. दुकानदार म्हणाला, वारूळसुद्धा राहत नाही, हात धुवा. मावशी अंघोळीला गेल्या तेव्हा त्यांच्या पिठाच्या डब्यात मिसळली. त्या स्वतः त्यातलं खात नाहीत ना, याची आधी तीन दिवस खात्री करून घेतली. एवढी काळजी मी घेतली. तो डबा फक्त मुंग्यांचा आहे.

दीडला मावशी आल्या, चिमट्या ठेवल्या, नेहमीसारख्या पुटपुटल्या. मुंग्यांनी उचललं! सगळं उचललं. मला त्यांच्याकडे बघवेना, पण आत कुठेतरी हायसं वाटलं. शिल्पा शांत झोपली होती.

१३ सप्टेंबर, शनिवार

मुंग्या कमी झालेल्या नाहीत. दुकानदार म्हणाला होता, आठवडा लागतो. वारुळात नेऊन खातात, मग आतल्या मरतात. धीर धरते.

शिल्पा झोपून उठली आणि म्हणाली, आई, आज तोंड कडू लागतंय. ताप असेल. कपाळ गार होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

शिल्पाला उलट्या. कावीळ असेल, पाणीच तसलं आहे इथलं. बॅच बुडाली म्हणून रडली. लिंबूपाणी दिलं, दुपारी थोपटून झोपवलं. मावशी दारात उभ्या होत्या. लेकराला काय झालं, विचारत होत्या. म्हटलं, काही नाही, तुम्ही तुमचं पीठ घाला. मीच म्हटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्यात भरती केलं. हातपाय थरथरतात. डॉक्टरांनी विचारलं, पोटात काही गेलंय का. नाही म्हटलं. घरचंच खाते. माझ्या हातचं.

बाबांना फोन केला. निघाले आहेत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कपडे न्यायला घरी आले होते. अडीच वाजले होते. खाट रिकामी. मुंग्यांची रांग तशीच.

एकही मेली नव्हती. एकही.

मी खाली बसले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. कोपऱ्याकडून खाटेकडे जाणाऱ्या मुंगीच्या तोंडात पिठाचा कण. खाटेकडून परत येणारीच्या तोंडात काही नाही. सगळ्या तशाच. भिंतीवरून, दोरीवरून, उशीवर. उशीत जिथे शिल्पाचं तोंड असतं तिथे छोटा ढीग.

त्या तिचं खायला येत नव्हत्या. तिला आणून देत होत्या. जुलै महिन्यापासून —

मी उलटं वाचलं. पंचवीस वर्षं मुलांना वाचायला शिकवते मी.

धावत गेले. पावडरीची पुडी डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, बाई, हे परवा सांगायला हवं होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

शिल्पा गेली. सकाळी सात दहा.

शेवटी शुद्ध आली होती. तोंड कडू आहे म्हणाली. चमच्याने साखरपाणी दिलं. गिळलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मुखेड. पोलिसांना सगळं सांगितलं. त्यांनी अपघात लिहिला. यांना सांगितलं. यांनी तिची चप्पल पुसून परत दारात ठेवली, बाहेर जाणाऱ्या तोंडाने, ती सकाळी ठेवायची तशी.

मला कुणी मारलं का नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

पुस्तकं आणायला म्हणून लातूरला आले. मावशींच्या पाया पडले. तुमच्याच हाताने मी — म्हणून सांगितलं. त्यांनी दिवसभर हात धुतले. साबण संपला तर राखेनं. मग माझ्याजवळ येऊन बसल्या. शिव्या द्या म्हटलं. दिल्या नाहीत.

इतके दिवस सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दगडाखालून शिवलीला दुसऱ्या दिवशी काय म्हणाली होती ते. “आई, गोड लागायलंय” म्हणाली होती.

२९ सप्टेंबर, सोमवार

रांग आता खाटेकडे जात नाही. भोकापाशी उरलेलं जुनंच पीठ घेऊन भोकात उतरते. भरल्या तोंडाने खाली, रिकाम्या तोंडाने वर.

मावशी म्हणाल्या, “आता दोघी हायेत तिथं.” मी म्हटलं, मावशी, असं बोलू नका, आम्ही तिला अग्नी दिला, मुखेडला, मी राख —

पण कान लावला. फरशीला.

खाली कुणीतरी बोटाच्या पेरांनी वाजवतं. हळू. तीनदा. शिल्पा पाठांतर करताना टेबलावर वाजवायची तसं.

३० सप्टेंबर, मंगळवार

भूकंपाला आज दहा वर्षं झाली. मावशी गावी गेल्या नाहीत. माझ्याबरोबर बसल्या आहेत.

डबा फेकला. नवा आणला. नवं पीठ, नवी साखर. आधी मी खाल्लं, मूठभर. थांबले तासभर. काही झालं नाही. मग ठेवलं. मुंग्या आल्या. नेलं.

कान लावला —

तिचाच. तिचाच आवाज आहे. मावशी विचारताहेत, काय म्हणाली, काय म्हणाली.

पुन्हा ठेवलं. साखर दुप्पट. पीठ थोडंच. माझ्या जिभेवर गोड लागतंय, मी खाऊन पाहिलं, गोडच आहे, शिल्पा, बाळा, गोड आहे, नुसती साखर आहे —

सगळी साखर ओतली. मुंग्या नेताहेत. नीट बघते आहे, खालीच नेताहेत. थांब. ती खाते आहे. ऐकू येतंय मला.

आई, म्हणाली —

आई, अजून कडू