पद्मिनीचे मागचे बेल्ट

३० नोव्हेंबर, रविवार
लेकीचा पुण्याहून फोन. रुचिता २० तारखेला येतेय, आठ दिवस. जावई सोडून जाणार आणि गाडी परत नेणार. नातीला, म्हणजे इशिताला (साडेतीन वर्षं), मी व्हिडिओ कॉलवर शब्द दिलाय की उत्तनला बोटी बघायला आजोबांच्या गाडीतून जायचं. रुचिताने विचारलं, पद्मिनीला मागे सीटबेल्ट आहेत का. मी म्हटलं, त्र्याऐंशी सालच्या गाडीला कसले बेल्ट, तू स्वतः मागे उभी राहून अलिबागला गेलीस. ती म्हणाली, म्हणूनच विचारतेय. बेल्ट नाही, चाइल्ड सीट नाही, तर इशिता बसणार नाही.
ठीक आहे. मी कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. संकल्प: ७ तारखेच्या आत काम फत्ते.

२ डिसेंबर, मंगळवार
प्लॅन काढला. तीन रंगांत. बायकोने, मृणालिनीने, विचारलं, यात काम कुठल्या रंगाचं आहे. कारखान्यातही मी नुसती पोस्टरं लावायचो असं तिचं मत आहे.

४ डिसेंबर, गुरुवार
ऑनलाइन मागवलेली ‘कार सीट’ आली. उघडली तर लाकडी मण्यांचं सीट कव्हर. फोटो जरा बारीक होता. ड्रायव्हरच्या सीटवर घातलं. पाठीला उत्तम, त्यामुळे पैसे वाया गेले असं म्हणता येणार नाही.

६ डिसेंबर, शनिवार
स्वतः दुकानात जाऊन खरी चाइल्ड सीट आणि मागचे बेल्ट आणले. दुकानदाराने विचारलं, अंकल, कौनसी गाडी. पद्मिनी म्हटल्यावर त्याने घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा केला. लहान आहे, कळत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ४
बेल्ट बसले! चाळीस मिनिटांत. (दोन दिवसांचा उशीर कंबरेमुळे, धरू नये.) बॉडीला भोकं पाडायचं जिवावर आलं, म्हणून डोकं चालवलं आणि बोल्ट सरळ मागच्या सीटच्या फ्रेमला मारले. मेकॅनिक लोक उगाच बाऊ करतात. रुचिताला फोटो पाठवला. तिने विचारलं, टेस्ट केलं का. बरोबर आहे, माझीच मुलगी.

१० डिसेंबर, बुधवार
टेस्ट. सोसायटीच्या आवारात, सकाळी अकरा वाजता, जाहीर. इशिताऐवजी चाइल्ड सीटमध्ये पंधरा किलो गव्हाची गोणी. वीसचा स्पीड, मग करकचून ब्रेक.
निकाल: गोणी चाइल्ड सीटमध्येच राहिली. चाइल्ड सीट बेल्टमध्येच राहिली. बेल्ट मागच्या सीटलाच राहिला. फक्त मागची सीट गाडीत मागे राहिली नाही. सगळा संसार घेऊन माझ्या मानेवर आली. गोणी फाटली. वॉचमन वाल्मिक झाडू घेऊन आला, त्याच्या आधी कबुतरं आली. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी शूटिंग करत होतं.
चार जोडांपैकी तीन टिकले. पंचाहत्तर टक्के. फर्स्ट क्लास.
मृणालिनी म्हणाली, गहू निवडलेले होते.

१२ डिसेंबर, शुक्रवार
मान दुखतेय. गाडी नवघरला नाथाच्या गॅरेजमध्ये नेली. नाथा जुना माणूस, कमी बोलतो. त्याने मागची मॅट उचलली, फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. स्क्रूड्रायव्हर आत गेला. त्या भोकातून मला रस्ता दिसला. मी विचारलं, बोल्ट कुठे मारायचा. तो म्हणाला, मारीन की, पत्रा हाय कुठं.
म्हणजे गंज कापायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, खालून जाड प्लेट द्यायची, मग बोल्ट. किती दिवस? वीस-पंचवीस. मी म्हटलं, १९ तारखेला पाहिजे. तो बरं म्हणाला. माणसाशी नीट बोललं की कामं होतात.

१७ डिसेंबर, बुधवार
नाथाकडे गेलो. गाडीला सीट नाहीत आणि आता फ्लोअरही नाही. आत शिरून बघितलं. माझे पाय जमिनीवर होते. नाथाला १९ ची आठवण केली. तो परत बरं म्हणाला. आज त्या बरंचा अर्थ थोडा वेगळा वाटला.

२० डिसेंबर, शनिवार
आल्या. इशिताने चपला काढायच्या आधी विचारलं, आजोबांची गाडी कुठेय. मी सांगितलं, डॉक्टरकडे गेलीय. तिने विचारलं, सुई दिली का. म्हटलं, बऱ्याच.

२४ डिसेंबर, बुधवार
वेल्डिंगवाला गावाला गेला. इशिता रोज सकाळी बाल्कनीतून आमच्या पार्किंगमध्ये डोकावते. मला आता बाल्कनीत चहा प्यावासा वाटत नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस साडेतीन वर्षांच्या पोरीला तोंड चुकवतोय.

२७ डिसेंबर, शनिवार
उद्या त्या जाणार. शेवटी रुचिताने उत्तनला जायला टॅक्सी बुक केली. ड्रायव्हर लोकेश, पंचेचाळिशीचा, शांत. माझी चाइल्ड सीट त्याने मागच्या बेल्टमध्ये दोन मिनिटांत बसवली. हलवून बघितली, जागची हलली नाही. मी तीन रंगांच्या प्लॅनबद्दल काही बोललो नाही.
उत्तनला बोटी बघितल्या, वाळत घातलेले बोंबील बघितले. इशिताने प्रत्येक बोटीला टाटा केला. परत येताना तिने पप्पांना फोनवर सांगितलं की आजोबांची गाडी बरी झाली, खूप मस्त आहे, एसी पण आहे, आणि चालवायला आजोबांनी एक काका ठेवलेत. रुचिताने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण पोर इतकी खूश होती की मिटलं. लाज वाटली. आणि खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.
लोकेशने आरशातून बघत सगळं ऐकलं. गेटवर इशिताने त्याला बजावलं, काका, आपल्या जागेत नीट लावा. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात त्याने टॅक्सी आमच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घातली, दोनदा मागेपुढे करून सरळ लावली, उतरून मला साहेब म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली. इशिता आईबरोबर लिफ्टमध्ये गेली. मी किल्ली परत दिली आणि तो गेला.